सीटी बायोप्सीतला कोन: डोळ्याच्या अंदाजापासून स्मार्टफोनपर्यंत

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठीचा नमुना काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा गाठ हाताला लागावी लागे. १९७१ मध्ये लंडनमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि १९७६ मध्ये क्लीव्हलँडच्या हागा व अल्फिडी यांनी सीटीच्या आधाराने बायोप्सीचं, म्हणजे तपासणीसाठी नमुना काढण्याचं, तंत्र प्रसिद्ध केलं. शरीरात खोलवर दडलेल्या गाठी आता सुईच्या टप्प्यात आल्या.

सीटीची प्रतिमा तीन गोष्टी सांगते: त्वचेवर सुई कुठे टोचायची, किती खोल न्यायची आणि कोणत्या कोनात. टोचण्याची जागा गॅन्ट्रीच्या (सीटी यंत्राच्या गोल कड्याच्या) लेझर रेषेने आणि त्वचेवर चिकटवलेल्या खुणांच्या जाळीने मिळते. खोलीसाठी सुईवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. कोन मात्र वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी नजरेवरच राहिला, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. १० सेंटिमीटर खोलीवर ५ अंशांची चूक म्हणजे टोक जवळपास ९ मिलिमीटर बाजूला. सेंटिमीटरभराची गाठ त्यात सहज हुकते. मग सुई मागे घ्या, पुन्हा घाला, पुन्हा स्कॅन करा. फुफ्फुसाचं आवरण जितक्या वेळा भेदलं जाईल, तितका छातीत हवा शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून सुई छातीच्या स्नायूत असतानाच कोन पक्का करायचा असतो.

१९९० च्या दशकात आलेल्या सीटी फ्लुरोस्कोपीने सुई पुढे सरकताना दिसू लागली, पण डॉक्टरांच्या हातावर किरणोत्सर्ग वाढला. विद्युतचुंबकीय ट्रॅकिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून सुईची जागा टिपणं, अचूक असलं, तरी त्याला वेगळी यंत्रणा आणि वेगळा खर्च लागतो.

कोन मोजायचं साधन मात्र खिशातल्या फोनमध्येच होतं. त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर हा कल मोजणारा सेन्सर मुळात स्क्रीन आडवी-उभी करण्याच्या कामाचा. २०१० च्या आयफोन ४ मध्ये फिरणं मोजणारा जायरोस्कोपही आला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या गटाने सीटीवरचा कोन फोनवर दाखवून सुई लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. निर्जंतुक पारदर्शक पिशवीतला फोन सुईशेजारी धरायचा आणि स्क्रीनवरच्या रेषेशी सुई समांतर करायची. स्क्रीनकडे तिरकं पाहिलं तर इथेही कोन चुकतो.

अ‍ॅक्सेलरोमीटर कल मोजतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून. सुई वरून खाली जात असेल, तर उजवी-डावीकडचा आणि डोक्या-पायाकडचा असे दोन्ही कल त्याला कळतात. सुई कुशीतून आडवी घातली, की डोक्याकडे किंवा पायाकडे वळणं म्हणजे उभ्या अक्षाभोवती फिरणं, आणि ते त्याला मुळीच कळत नाही. फोनमधल्या होकायंत्राचा आधार घ्यावा तर जवळच्या लोखंडाने तो भरकटतो आणि जायरोस्कोपचं माप हळूहळू सरकत जातं. सुरुवातीला फोन सीटीच्या टेबलावर ठेवून शून्य जुळवावं लागतं. त्या वेळी फोन त्याच्या मागच्या बाजूवर टेकवू नये, कारण कॅमेऱ्याच्या उंचवट्याने तो तिथेच कललेला असतो.

२०१७ पासून फोनवर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची साधनं आली आणि कॅमेऱ्यातल्या दृश्यावरच सुईचा मार्ग आखता येऊ लागला. मात्र ही रेषा आधीच्या स्कॅनवरून काढलेली असते आणि श्वासाबरोबर यकृत सेंटिमीटरभर किंवा अधिकही सरकतं. तिरप्या टोकाची सुई आतल्या आत वाकते, तेही फोनला दिसत नाही. त्यामुळे बायोप्सी गन (स्प्रिंगच्या जोराने सुई पुढे झेपावून नमुना कापणारं साधन) सोडण्यापूर्वी पुन्हा एक स्कॅन घ्यावाच लागतो. त्यात सुईचं टोक नेमकं कुठे आहे हे कळण्यासाठी टोकापुढची काळी सावली शोधायची, आणि गनची सुई झेप घेऊन जिथवर जाईल तिथवर रक्तवाहिनी नाही ना, हे पाहायचं.