ट्रान्सफर केस बदलायची आहे? काम देण्याआधी हे वाचून घ्या

जिप्सी, जुनी जीप आणि थारवाल्या ग्राहकांसाठी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या नागपुरातल्या हिंगणा रोडच्या गॅरेजमध्ये एक मागणी हमखास येते: "भाऊ, लो टाकला की खालून कट्‌कन आवाज येऊन राहिला. मजबूत ट्रान्सफर टाकून द्या." (लो म्हणजे फोर बाय फोरमधला हळू चालीचा, जास्त जोराचा गिअर.) कुही-उमरेडकडच्या काळ्या मातीत गाडी एकदा रुतली, की माणसाला हा विचार सुचतोच. पण यातल्या बऱ्याच गाड्यांना नवी केस लागत नाही, आणि ज्यांना लागते त्यांचं काम नुसती केस बदलून संपत नाही.

केस करते काय? गिअरबॉक्समधून आलेला जोर ती पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलला (चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरसंचाला) वाटून देते, आणि लो टाकला की तो वाढवते. जिप्सी किंगचं एमपीएफआय इंजिन १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरचा रेशो सुमारे ३.६५, ट्रान्सफरचा लो सुमारे २.२७. रेशोचा आकडा जितका मोठा, तितका जोर जास्त आणि वेग कमी. गुणाकार केला तर प्रोपेलर शाफ्टवर (केसपासून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या दांड्यावर) साडेआठशेच्या आसपास न्यूटन-मीटर येतात. घर्षणात थोडे कमी होतील, पण धक्का बसला की क्षणभर त्याहून जास्तही चढतात. दगडात अडकलेलं चाक एकदम सुटलं किंवा क्लच झटक्यात सोडला, की मोडतोड होते ती त्याच क्षणी.

"मजबूत" म्हणजे नेमकं काय हवंय, हे आधी ठरवा. जास्त जोर सोसणारी केस वेगळी आणि जास्त खालचा लो देणारी केस वेगळी. अमेरिकेतली एनपी २०५ ओतीव लोखंडाची, पूर्ण गिअरवर चालणारी, टणकपणासाठी नावाजलेली आहे, पण तिचा लो जेमतेम १.९६. त्याच घराण्यातल्या चेनवाल्या एनपी २३१ चा लो २.७२. म्हणजे महागडी, जडशीळ केस बसवूनही गाडी लोमध्ये आधीपेक्षा जोरात पळायला लागेल आणि तुम्ही आमच्यावर चिडाल. दगडधोंड्यांत मुंगीच्या पावलानं चालायचं असेल तर रेशो बघा. मोठं इंजिन टाकलं असेल तर केसची ताकद बघा.

जिप्सीवाल्यांनी आधी माउंट तपासावेत

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. एका छोट्या शाफ्टनं ती जोडलेली असते आणि चेसिसला तीन हातांवर, रबरी माउंटमध्ये टांगलेली असते. लोमध्ये जोर पडला की अख्खी केस पिळवटून फिरायला बघते आणि तिला अडवतात ते हेच तीन माउंट. रबर लोखंडापासून सुटलं की केस हलते, लिव्हर उडतो, लो निसटतो आणि तो "कट्" आवाज येतो. घरीच बघा: सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना, हँडब्रेक ओढून लो-पहिल्यात क्लच अगदी हळू, गाडी नुसती ओढ घेईपर्यंतच सोडा. लिव्हर बोट-दोन बोटं सरकला तर माउंटवर संशय घ्या. आम्ही गाडी वर घेतो तेव्हा अशा माउंटभोवती रबराची काळी पूड बसलेली दिसते. माउंट ठीक असूनही लो निसटत असेल, तर शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा), डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग आणि बेअरिंग बघावे लागतात. ते काम नव्या केसच्या मानानं किरकोळ.

खरोखर हळू चालायचं असेल, तर जिप्सीची केस न बदलता आतले गिअर बदलता येतात. ४.१६ चा संच प्रसिद्ध आहे. त्यात लो जवळपास दुपटीनं खाली जातो, पण हायसुद्धा (रोजच्या रस्त्यावरचा रेशो) साधारण १२ टक्के खाली येतो. मूळ मापाच्या टायरवर जिथे इंजिन ३००० फेऱ्यांवर फिरायचं, तिथे आता ३३५० च्या वर फिरेल. अशी गाडी घेऊन समृद्धीवर चढलात तर शिर्डीपर्यंत कान किटतील. ३१ इंची टायर असतील तर मात्र हाच तोटा उपयोगी पडतो, कारण मोठा टायर गिअरिंग वर नेतो. त्या टायरवर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ७० च्या घरात असते, हेही ध्यानात ठेवा. आणि हा संच टाकायचा तर जाड माउंट आणि मजबूत आधारपट्टी त्याच वेळी लावायची. त्याशिवाय आम्ही काम घेत नाही, कारण पिळाचा जोरही जवळपास दुप्पट होतो.

सफारीच्या जिप्सीवाल्यांना एकच सांगणं: पेंच किंवा कऱ्हांडल्याच्या रस्त्यांना यातलं काही लागत नाही. गाडी मूळ स्थितीतच ठेवा.

जुनी जीप

इथे प्रश्न वेगळा. अमेरिकी विलीज जीपच्या वळणाच्या जुन्या महिंद्रा जीपचं मूळ पेट्रोल इंजिन सुमारे १५५ न्यूटन-मीटरचं. त्याच्या जागी लोक अडीचशेचं टर्बो डिझेल बसवतात आणि मागे केस तीच जुन्या घडणीची ठेवतात. मधल्या गिअरचा शाफ्ट आणि त्याची बेअरिंग आधी झिजतात, मग केसमधलं शाफ्टचं भोक ढिलं होतं आणि तेल गळू लागतं. इथे बदल रास्त आहे.

पण गाडीखाली वाकून आधी मागचा डिफ बघा. या जीपमध्ये तो मधोमध नसून एका बाजूला असतो, कारण केसमधून मागचा शाफ्ट बाजूनं निघतो. बहुतेक नव्या केसमध्ये तो मधून निघतो. म्हणजे केससोबत मागचं हाउसिंगही बदलणं आलं. दुसरं, बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर असतो. केस गेली की हँडब्रेक गेला. नवा कुठे बसवायचा हे ठरल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते.

गिअरबॉक्स आणि नवी केस जोडणारी अडाप्टर प्लेट एमआयडीसीत लेथवर होते. मधला मेळ थोडाही चुकला तर इनपुट बेअरिंग आणि सील टिकत नाही, म्हणून ती आम्ही डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून तपासतो. प्रोपेलर शाफ्ट लहान-मोठे करून बॅलन्स करावे लागतात. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टला वाकून फिरू देणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे हवेत, नाहीतर गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि दोष नव्या केसच्या माथी जातो.

केस मजबूत झाली की पुढच्या वेळी तुटेल ते दुसरं काहीतरी: क्रॉस, एक्सल किंवा क्राउन-पिनियन (डिफमधले गिअर). आमच्या मते पाळी क्रॉसची यावी. तो स्वस्त आहे आणि शेताच्या धुऱ्यावर बसूनही बदलता येतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं. एमएच ३१, ४० किंवा ४९, ज्या आरटीओत गाडी असेल तिथे आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतल्या गाडीला आम्ही हात लावत नाही.

काम झाल्यावर

गिअरच्या केसमध्ये गिअर ऑइल पडतं, चेनच्या बहुतेक केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल). अदलाबदल करू नका. पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आत बदला; ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा आला तर घाबरू नका, तुकडे आले तर या. नाल्यातून गेल्यावर तेल तपासा. तापलेली केस थंड पाण्यात शिरली की आत पाणी ओढते, म्हणून ब्रीदरची (केसमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी आम्ही वर आणून देतो. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी काढा.

आणि शहरातल्या सिमेंट रोडवर फोर बाय फोर टाकून फिरू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत ती घसरून जुळवून घेतात, कोरड्या सिमेंटवर तो पीळ केसमध्येच साठतो. लिव्हर अडकला तर ओढाताण करू नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो.

भाव आम्ही फोनवर सांगत नाही, गाडी खालून बघावी लागते. येताना आरसी आणा आणि आधी कुठे काय काम झालं ते आठवून या. गाडी खालून धुऊन मात्र आणू नका. तेल कुठून गळतंय ते धुतल्यावर दिसत नाही.