पॉप आणि आयमॅप: मूळ पत्र राहतं कुठे?

डेस्कटॉपवरच्या मेल प्रोग्राममध्ये (थंडरबर्ड, आउटलुक वगैरे) वेबमेलचं खातं जोडायला बसलं की नाव, पत्ता, पासवर्ड इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग प्रश्न येतो: पॉप-थ्री की आयमॅप? मेल पुरवणाऱ्याच्या संगणकावरची, म्हणजे सर्व्हरवरची, पत्रं तुमच्या प्रोग्रामपर्यंत आणण्याच्या या दोन पद्धती. बहुतेक जण जे आधीच निवडलेलं असेल ते तसंच ठेवून पुढे जातात. पहिल्या दिवशी त्यानं काही बिघडतही नाही. दोन्हींतून इनबॉक्स भरतो, पत्रं उघडतात, उत्तरं जातात. फरक कळतो दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा फोनवर एखादं जुनं पत्र शोधायला जावं आणि ते तिथे नसावं.

मला तो आणखी उशिरा कळला. एका संगणकावर मी पॉपनं खातं जोडलं होतं आणि वर्षभर सुखात होतो. मग हार्ड डिस्क गेली. पत्रं काय, वेबमेलवर असतीलच, म्हणून ब्राउझरमध्ये लॉग इन केलं तर तिथे जेमतेम शेवटच्या दोन आठवड्यांची पत्रं. मेल पुरवणाऱ्यांना मनातल्या मनात बरंच बोलून झालं आणि मग त्या प्रोग्रामची सेटिंग आठवली. सर्व्हरनं सांगितलेलं कामच चोख केलं होतं.

सगळा फरक एकाच गोष्टीत आहे: मूळ पत्र कुठे राहतं. पॉपमध्ये ते तुमच्या संगणकावर येऊन राहतं, सर्व्हर म्हणजे वाटेतला मुक्काम. आयमॅपमध्ये ते सर्व्हरवरच राहतं, संगणकावर दिसते ती त्याची प्रत. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

पॉप जुनं म्हणून वाईट आणि आयमॅप नवं म्हणून चांगलं, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर गंमत वाटते. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ सालची. आयमॅपवर मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये काम सुरू केलं ते १९८६ मध्ये. दोघांत अंतर जेमतेम दोन वर्षांचं. पॉप-थ्री १९८८ मध्ये आलं, आयमॅप-फोर १९९४ मध्ये. म्हणजे ही पिढ्यांची भांडणं नव्हेत, दोन वेगळ्या गरजांची उत्तरं आहेत. फोनलाइनवरून थोडा वेळ जोडणी मिळायची, सर्व्हरवर जागा थोडी, संगणक प्रत्येकाचा एकच. अशा माणसासाठी पॉप. आज या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर बसणाऱ्यासाठी आयमॅप. आज आपल्या प्रत्येकाकडे किमान एक फोन आणि एक संगणक असल्यामुळे दुसरी गरज सगळ्यांचीच झाली, इतकंच.

पॉपचं बोलणं अगदी मोजकं असतं. प्रोग्राम सर्व्हरकडे जातो, ओळख पटवतो, किती पत्रं आहेत विचारतो, एकेक उतरवून घेतो, उतरवलेल्यांवर पुसण्याची खूण करतो आणि निरोप घेतो. खूण केलेली पत्रं निरोपानंतरच पुसली जातात. मधेच जोडणी तुटली तर सर्व्हर काहीच पुसत नाही, ही त्यातली शहाणी सोय. फोल्डर ही कल्पनाच पॉपला नाही, त्याला फक्त इनबॉक्स दिसतो. ब्राउझरमध्ये तुम्ही फोल्डर करून पत्रं नीट लावून ठेवली असतील तर पॉपच्या लेखी ती नाहीतच. पाठवलेल्या पत्रांचंही तेच. संगणकावरून पाठवलेलं उत्तर संगणकातच राहतं, फोनवर शोधून सापडत नाही.

‘पण मी सर्व्हरवर प्रत ठेवा ही खूण केली आहे,’ असं कुणी म्हणेल. ती खूण कामाची आहे, पण तिच्या शेजारची ओळ वाचा. थंडरबर्डमध्ये आणि जुन्या आउटलुकमध्ये तिथे दिवसांचा आकडा असतो, आणि तो सहसा १४ असतो. चौदा दिवसांनी सर्व्हरवरची प्रत जाते. माझे ते दोन आठवडे इथूनच आले होते. शिवाय प्रत ठेवली तरी वाचलं-न वाचलं याची खबर पॉप सर्व्हरला देत नाही. संगणकावर वाचून संपवलेली चाळीस पत्रं फोनवर ठळक अक्षरांत तशीच उभी असतात.

आणखी एक त्रास. सर्व्हरवर प्रत असेल तर कोणतं पत्र आधी उतरवलं आहे हे प्रोग्रामला स्वतःच्या यादीत लिहून ठेवावं लागतं. ती यादी बिघडली किंवा प्रोग्राम नव्यानं बसवला की सगळा इनबॉक्स पुन्हा एकदा उतरतो आणि प्रत्येक पत्राची जोडी होते.

आयमॅपचं वागणं वेगळं. प्रोग्राम सर्व्हरवरच्या फोल्डरांकडे खिडकीतून बघावं तसं बघतो. पत्र उघडलं की ‘वाचलं’ ही खूण सर्व्हरवर लागते. तारांकित करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका, उत्तर द्या, सगळं तिकडेच नोंदलं जातं आणि फोन, ब्राउझर, दुसरा संगणक सगळीकडे तसंच दिसतं. आधी नुसती शीर्षकं मागवून जड जोडपत्रं नंतर आणता येतात. नवीन पत्र आल्याबरोबर सर्व्हरच कळवतो अशीही सोय आहे. पॉपला मात्र दर काही मिनिटांनी जाऊन विचारावं लागतं.

खिडकीची उपमा एका जागी फसते, तेवढं सांगायला हवं. नेट नसताना आयमॅपमध्ये काहीच दिसत नाही, असा समज आहे. थंडरबर्ड आयमॅप खात्याचीही पूर्ण प्रत संगणकावर ठेवतो, तुम्ही ती खूण काढली नाहीत तर. जुन्या आउटलुकमध्ये किती महिन्यांची पत्रं जवळ ठेवायची ते ठरवता येतं. म्हणजे प्रवासात जुनी पत्रं वाचता येतात. फक्त ही प्रत सर्व्हरच्या मागोमाग चालते, आणि त्यातूनच सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज जन्मतो.

तो असा: संगणकावर पत्रं दिसतात म्हणजे बॅकअप झाला. आयमॅपमध्ये तसं होत नाही. सर्व्हरवरची जागा भरली म्हणून कुणी डेस्कटॉपवरून जुनी पत्रं डिलीट करतो आणि ब्राउझरमध्ये ती आहेतच असं धरून चालतो. ती तिथूनही जातात, काही दिवस कचरापेटीत थांबून. उलटही तेच: फोनवर घाईत पुसलेलं पत्र पुढच्या सिंकला (सर्व्हरशी जुळणी होताना) डेस्कटॉपवरूनही गायब. आयमॅप खात्याचा खरा बॅकअप हवा असेल तर पत्रांची प्रत प्रोग्राममधल्या स्थानिक फोल्डरमध्ये वेगळी काढून ठेवावी लागते. त्या फोल्डरशी सर्व्हरचा काही संबंध नसतो.

जीमेल दोन्ही बाजूंनी थोडं तऱ्हेवाईक आहे. त्यात मुळात फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. आयमॅपनं बघितलं की प्रत्येक लेबल फोल्डरसारखं दिसतं. एकाच पत्राला तीन लेबलं असली तर ते तीन ठिकाणी दिसतं, शिवाय ‘ऑल मेल’मध्ये चौथ्यांदा. ‘ऑल मेल’ प्रोग्राममध्ये दिसू न देण्याचा पर्याय जीमेलच्या सेटिंगमध्ये आहे, डिस्कची जागा कमी असेल तर तो वापरा. जीमेलमार्फत पाठवलेल्या पत्राची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं, त्यामुळे प्रोग्राममधली ‘पाठवलेल्याची प्रत ठेवा’ ही खूण काढली नाही तर ती कधीकधी दोनदा दिसते. पॉपच्या बाबतीत तर पुसायचं की नाही हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार जीमेलच्या स्वतःच्या पॉप-सेटिंगला असतो, तुमचा प्रोग्राम काहीही सांगो. आणि एकदा एका संगणकानं पॉपनं उतरवलेलं पत्र दुसऱ्या संगणकाला सहसा मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे वापरकर्त्याच्या नावाआधी ‘रीसेंट’ हा इंग्रजी शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबं लावायची. मग शेवटच्या ३० दिवसांची पत्रं प्रत्येकाला मिळतात. ही युक्ती कुणाला आपोआप सुचेल असं मला तरी वाटत नाही.

आकड्यांचं काम सोपं आहे. सुरक्षित जोडणीसाठी आयमॅपचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, ९९३; पॉपचा ९९५. जुने १४३ आणि ११० अजून दिसतात, पण ते मुळात उघड्या जोडणीसाठीचे. पत्र पाठवण्याशी या दोघांचाही संबंध नाही. ते काम एसएमटीपी या तिसऱ्या पद्धतीचं, पोर्ट ४६५ किंवा ५८७. म्हणून ‘पत्रं येतात पण जात नाहीत’ अशी तक्रार असेल तर पॉपचं आयमॅप करून काही होणार नाही, पाठवण्याच्या सर्व्हरची सेटिंग तपासायला हवी.

तीच गोष्ट पासवर्डची. ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड डेस्कटॉपवर चुकीचा ठरतो आणि लोक पॉप-आयमॅप अदलाबदल करत बसतात. गूगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी असा नुसता पासवर्ड घेणं थांबवलं, मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉम या मेलसेवेनं १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्राममधूनच लॉग इनची खिडकी उघडते, तिथे परवानगी द्यायची. ज्या जुन्या प्रोग्रामला ही पद्धत येत नाही त्याच्यासाठी जीमेलमध्ये दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) बनवता येतो. जीमेलचं आयमॅप ‘चालू करा’ असं सांगणारी जुनी मार्गदर्शनं मात्र शिळी झाली आहेत. जानेवारी २०२५ पासून वैयक्तिक खात्यांत ते कायमच चालू असतं.

मग पॉप घ्यावं कुणी? माझ्या मते तीन प्रकारच्या लोकांनी. सर्व्हरवर जागा फारच थोडी आणि ती वाढवायची नाही त्यांनी. पत्रं दुसऱ्याच्या यंत्रावर राहू नयेत असा ज्यांचा ठाम आग्रह आहे आणि स्वतः नियमित बॅकअप घेण्याची शिस्त आहे त्यांनी. आणि एखादं खातं फक्त एकाच संगणकावर साठवण म्हणून उघडायचं असेल तर. बाकी कुणीही आयमॅपच घ्यावं. शंका असेल तरी आयमॅपच.

आधीच पॉप घेऊन बसला असाल तर एक अडचण आहे. थंडरबर्ड काय, आउटलुक काय, तयार खात्याचा प्रकार बदलता येत नाही. पोर्टचा आकडा बदलून तर नाहीच नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्यानं जोडावा लागतो. त्याआधी जुन्या पॉप खात्यातलं आपोआप पत्रं तपासणं बंद करा, नाहीतर नवं आयमॅप खातं बघत असतानाच जुनं खातं मागच्या दारानं इनबॉक्स रिकामा करत राहील. सर्व्हरवर जागा किती उरली आहे तेही बघून घ्या. मग जुन्या खात्यातली पत्रं निवडून आयमॅपच्या फोल्डरमध्ये टाका. ती वर सर्व्हरवर चढतात, म्हणून वेळ लागतो. एकदम हजारो टाकली तर मधेच अडकतात. दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्यांनी टाका आणि ‘हलवा’ऐवजी ‘कॉपी करा’ निवडा. ब्राउझरमध्ये जाऊन दोन-चार अगदी जुनी पत्रं जोडपत्रांसकट उघडून बघा. ती नीट उघडली तरच पॉपचं खातं काढा, आणि काढताना ‘पत्रंही पुसू का?’ असं प्रोग्रामनं विचारलं तर आधी नाही म्हणा.