दर उतरला, तरी रोखे का पडले?

६ जून २०२५ रोजी सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने अल्प मुदतीचं कर्ज देते तो दर, अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० टक्क्यांवर आणला. बहुतेक जाणकारांनी पाव टक्क्याचाच अंदाज बांधला होता. शेअर बाजार खूश झाला, सेन्सेक्स सुमारे ७५० अंशांनी वर गेला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं, म्हणजे सरकारच्या कर्जपत्रांचं, मात्र वेगळंच झालं. त्यांचे भाव आधी चढले आणि बाजार बंद होईपर्यंत आदल्या दिवसाच्याही खाली गेले. व्याजदर उतरले की जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांना भाव येतो, हा साधा हिशोब. मग अपेक्षेच्या दुप्पट कपात होऊनही रोखे पडले कसे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना बसणाऱ्याला याचं उत्तर चटकन उमगेल. नवी हळद यार्डात येते जानेवारीनंतर. भाव मात्र त्याच्या कितीतरी आधी हलतो. लागण कमी झाल्याची, पावसाने कंद कुजल्याची बातमी आली, की गोदामातली जुनी राजापुरी तेव्हाच तेजीत येते. पुढे फेब्रुवारीत आवक खरोखर कमी झाली, तर त्यापायी भाव पुन्हा चढत नाही. ते आधीच भावात धरलेलं असतं. भाव हलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाने.

पैशाच्या बाजारात हा फरक मोजता येतो, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, थोडक्यात ‘फेड’च्या) दराचेही वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, होतात. बैठकीआधी या वायद्याचा भाव पाहिला की बाजार कोणता दर धरून बसला आहे ते कळतं. जाहीर झालेल्या दरातून तो वजा केला की उरतो निव्वळ धक्का. अर्थतज्ज्ञ केनेथ कटनर यांनी २००१ साली ही पद्धत वापरली. २००५ मध्ये त्यांनी आणि बेन बर्नान्की यांनी दाखवलं, की पाव टक्क्याची अनपेक्षित कपात झाली तर अमेरिकी शेअर निर्देशांक सरासरी एक टक्क्याच्या आसपास चढतात. अपेक्षित कपातीचा परिणाम जवळजवळ शून्य.

पण एवढ्याने ६ जूनचं कोडं सुटत नाही. तिथे धक्का तर सुखद होता. त्याच २००५ साली गुरकायनाक, सॅक आणि स्वान्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी फेडच्या घोषणांमधले दोन धागे वेगळे केले: आजचा दर, आणि पुढच्या वाटचालीबद्दलचे शब्द. दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर शब्दांचा परिणाम कितीतरी जास्त निघाला.

याचं कारण गणितात आहे. ७ टक्के व्याजाचा १०० रुपयांचा रोखा घ्या. बाजारातला दर ८ टक्के झाला, तर एक वर्ष उरलेला रोखा सुमारे ९९ रुपयांना विकला जाईल; दहा वर्षं उरलेल्याला सुमारे ९३ रुपये ३० पैसेच मिळतील. दहा वर्षांसाठी पैसे अडकवणाऱ्याला आजच्या रेपो दरापेक्षा पुढच्या सगळ्या वर्षांच्या दरांची काळजी असते. ६ जूनला रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने, म्हणजे रेपो दर ठरवणाऱ्या समितीने, आपली भूमिका ‘उदार’ (कल कपातीकडे) वरून ‘तटस्थ’ (दर कुठेही जाऊ शकतो) केली, आणि विकासाला आधार द्यायला आता फार थोडी जागा उरली आहे, असंही सांगितलं. रोख्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याचा अर्थ घेतला: कपात बहुधा संपली. गोड बातमी आजची होती, कडू बातमी पुढच्या वर्षांची.

नुसत्या शब्दांनी केवढी उलथापालथ होते, हे २०१३ मध्ये आपण भोगलं आहे. २२ मे रोजी बर्नान्की, तेव्हा फेडचे अध्यक्ष, अमेरिकी संसदेपुढे म्हणाले की पुढच्या काही बैठकांत फेडची रोखेखरेदी, म्हणजे रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतणं, कमी होऊ शकते. केलं काहीच नव्हतं. तरी परदेशी पैसा भारतासारख्या देशांतून निघू लागला, आणि ५५-५६ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या पुढे गेला. खरेदी कमी करण्याची प्रत्यक्ष घोषणा डिसेंबरात आली, तेव्हा रुपया फारसा डगमगला नाही. अर्थतज्ज्ञ युरी गोरोद्निचेन्को आणि सहकाऱ्यांचं २०२३ सालचं संशोधन तर आणखी पुढे जातं: पत्रकार परिषदेत फेडच्या अध्यक्षांचा आवाज उत्साही आहे की पडलेला, यानेही शेअरचे भाव हलतात.

आपल्याकडचा खरा धक्का ४ मे २०२२ चा. बैठकीचं वेळापत्रक नसताना, भर दुपारी, तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी रेपो ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला. सेन्सेक्स तेराशेच्या आसपास अंशांनी कोसळला. ‘डेट फंडात (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) जोखीम नसते’ या समजुतीने निवृत्तीचे पैसे दीर्घ मुदतीच्या रोखे फंडांत ठेवणाऱ्यांना तेव्हा मुद्दल कमी झालेलं दिसलं. हे त्यांना आधी कुणी समजावून सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

सांगली-साताऱ्यातल्या घरात व्याजाचे हे इशारे दोन वेगवेगळ्या वेगांनी पोचतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाह्य निकषाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, बहुतेक रेपोशीच, बांधलेली आहेत. हप्ता किंवा मुदत काही महिन्यांतच बदलते. आधी केलेल्या मुदत ठेवीचं व्याज मात्र मुदत संपेपर्यंत तेच राहतं. म्हणून कपात होईल असं दिसू लागलं की ठेवीदार लांब मुदतीची ठेव करायला धावतो. बँकाही तोच अंदाज बांधून बसलेल्या असतात, त्यामुळे लांब मुदतीचे दर अनेकदा घोषणेआधीच खाली आलेले असतात.

बाजाराचा अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हेही ध्यानात घ्यावं. जूनमध्ये ‘कपात संपली’ असं धरलं गेलं. महागाई अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली गेली, आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी रेपो ५.२५ टक्के झाला, भूमिका तटस्थच ठेवून. निवेदन वाचताना पहिल्या ओळीतल्या दरापाशी थांबू नये. महागाईचा पुढचा अंदाज ४ टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या वर आहे की खाली, आणि गेल्या वेळच्या निवेदनापेक्षा तो किती सरकला, हे शोधावं. रोखेवाले तेच आधी वाचतात.