खटले आणि ट्रोल : फिलिपिन्समधला दुतेर्ते काळ

विरोधकाला आधी फेसबुकवर बदनाम करायचं, मग त्याच्यावर केस टाकायची आणि ती केस चालेल तेवढी वर्षं त्याला आत तरी ठेवायचं नाहीतर कोर्टाच्या चकरा मारायला लावायच्या, असा हा प्रकार. कमीजास्त प्रमाणात बऱ्याच देशांत चालतो, पण रॉड्रिगो दुतेर्ते फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष असताना (२०१६ ते २०२२) तो फार उघडपणे दिसला. सरकारचं म्हणणं कायम एकच, कायदा आपलं काम करतोय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे विरोधकांना उचलून पायरीवर आणून बसवत होते.

सगळ्यात ठळक केस लैला डी लिमा यांची. २००९ मध्ये मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष असताना त्यांनी दावाओ शहरातल्या हत्यांची चौकशी सुरू केली होती, तेव्हा तिथले मेयर दुतेर्तेच. २०१६ मध्ये दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि डी लिमा सिनेटर, त्यांनी दुतेर्तेंच्या ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर सिनेटमध्ये सुनावणी लावली आणि काही आठवड्यांतच सुनावणी घेणाऱ्या समितीचं त्यांचं अध्यक्षपद गेलं. उलट त्यांच्यावरच ड्रग्जवाल्यांकडून पैसे घेतल्याचा आरोप आला, साक्षीदारांत तुरुंगातले कैदी होते. त्यांचा म्हणून एक कथित सेक्स व्हिडिओ संसदेत दाखवायची भाषा झाली, तेव्हा कितीतरी बायकांनी स्वतःच्या नावानिशी पोस्ट टाकल्या, की त्या व्हिडिओतली बाई मीच आहे, मला साक्षीला बोलवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये अटक झाली, गुन्हा असा लावला की जामीन मिळणं अवघड. नंतर महत्त्वाच्या साक्षीदारांनी जबान्या फिरवल्या, दबावाखाली बोललो म्हणाले. जामीन मिळाला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि तिसरी, शेवटची ड्रग्ज केस निकाली निघाली जून २०२४ मध्ये. तिन्ही केसेसमधून सुटल्या, पण साडेसहा वर्षांच्या वर आयुष्य कोठडीत गेलं ते गेलंच.

फेसबुकची बाजू समजायला एवढं पुरे, की तिथे मोबाईल कंपन्या फेसबुक फुकट देत होत्या, त्यामुळे कित्येकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट. दुतेर्तेंचे कट्टर समर्थक स्वतःला ‘डीडीएस’ (डायहार्ड दुतेर्ते सपोर्टर्स) म्हणवून घेत, ‘दावाओ डेथ स्क्वाड’ या कुप्रसिद्ध मारेकरी टोळीची आद्याक्षरंही हीच, आणि याची त्यांना लाज नव्हती. त्यांच्यातली लोकप्रिय ब्लॉगर मोका उसॉन हिला २०१७ मध्ये थेट सरकारी प्रसिद्धी खात्यात मोठं पद मिळालं. मार्च २०१९ मध्ये फेसबुकने बनावट वागणुकीबद्दल २०० पेजेस, ग्रुप आणि अकाउंट्स काढून टाकली, आणि त्यामागे २०१६ च्या प्रचारात दुतेर्तेंचं सोशल मीडिया सांभाळणारा माणूस असल्याचं सांगितलं.

या ट्रोलिंगवर २०१६ मध्येच लेखमाला छापली ती ‘रॅपलर’ या न्यूज वेबसाइटने, संपादक मारिया रेसा. मग रॅपलरवर केसेसची रांग लागली, कर चुकवल्याची, परदेशी मालकीची, आणि सगळ्यात अजब म्हणजे सायबर बदनामीची. बातमी मे २०१२ ची, कायदा आला त्यानंतर, म्हणजे गुन्हा बसायलाच नको. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये रॅपलरने त्या बातमीत एक स्पेलिंग सुधारलं होतं, ‘इव्हेजन’ या इंग्रजी शब्दात एसच्या जागी टी पडला होता. एक अक्षर! आपल्याकडे वेलांटी दुरुस्त करावी तसं. तक्रार एका उद्योगपतीची होती, सरकारी वकिलांनी ती उचलून धरली, आणि कोर्टाने त्या दुरुस्तीला नव्याने प्रकाशन धरून जून २०२० मध्ये रेसांना दोषी ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. कराच्या केसेसमधून त्या २०२३ मध्ये सुटल्या.

न्यायाधीशही वाचले नाहीत. सरन्यायाधीश मारिया लुर्देस सेरेनो यांना दुतेर्तेंनी जाहीरपणे शत्रू म्हटलं आणि मे २०१८ मध्ये महाभियोगाची वाटही न बघता सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ६ मतांनी त्यांची नेमणूकच रद्द केली.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही, त्याच २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. फरक एवढाच की आपल्या सुप्रीम कोर्टाने त्या अटकेत लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम २०१५ मध्ये रद्द केलं, तिकडच्या कोर्टाने ऑनलाइन बदनामीचं कलम २०१४ मध्ये कायम ठेवलं.

मार्च २०२५ मध्ये ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांवरून दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाकडे पाठवलं. दोन महिन्यांनी निवडणूक झाली. डी लिमा संसदेत निवडून आल्या, आणि दुतेर्ते हेगच्या कोठडीत बसून दावाओच्या मेयरपदी.