वैद्यकीय नीतिशास्त्राचा प्राध्यापक आणि आरोग्यहक्कांचा प्राध्यापक

वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवणारे आणि ‘आरोग्य व मानवी हक्क’ हा विषय शिकवणारे एकच काम करतात, असा समज अध्यापनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतो. तो अगदीच निराधार नाही. दोघांच्याही अभ्यासक्रमात कैद्यांवर अमानुष प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवरील न्यूरेंबर्गचा खटला असतो, दोघेही रुग्णाच्या संमतीवर तास घेतात, आणि युनेस्कोने २००५ साली स्वीकारलेल्या जाहीरनाम्याच्या नावातच जैवनीतिशास्त्र आणि मानवी हक्क शेजारी शेजारी बसले आहेत. फरक समजून घ्यायचा असेल तर व्याख्यांपेक्षा एखादे प्रकरण दोन्ही वर्गांत कसे शिकवले जाते ते पाहावे.

डर्बनमधील एका सरकारी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे मोजकी होती. मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाला हृदयाचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही विकार असल्यामुळे तो प्रत्यारोपणास पात्र नव्हता, आणि रुग्णालयाच्या नियमानुसार दीर्घकालीन आजारात डायलिसिस मिळण्यासाठी ती पात्रता आवश्यक होती. तो न्यायालयात गेला. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ मध्ये त्याची मागणी फेटाळली. नीतिशास्त्राच्या वर्गात चर्चा खाटेजवळ सुरू होते: यंत्रे कमी आणि रुग्ण जास्त असताना नंबर कोणाचा लावायचा, कोणत्या निकषावर, आणि नाही म्हणायचे झाल्यास डॉक्टरने ते रुग्णाला कसे सांगायचे? हक्कांच्या वर्गात पहिलाच प्रश्न असतो की यंत्रे कमी का आहेत, ती किती असावीत हे कोणी ठरवले, अर्थसंकल्पात त्यासाठी काय होते, आणि शासनाचे हे उत्तर तपासण्याचा अधिकार न्यायालयाला कुठपर्यंत आहे. पहिल्या वर्गात वाक्याचा कर्ता डॉक्टर असतो, दुसऱ्या वर्गात शासन. माझ्या मते सगळा भेद या कर्त्यात आहे.

म्हणूनच हक्कांचे अभ्यासक त्याच न्यायालयाचा २००२ चा निकाल लगेच पुढे ठेवतात. एचआयव्हीचा संसर्ग आईकडून बाळाला होऊ नये म्हणून दिले जाणारे नेव्हिरॅपिन शासनाने प्रत्येक प्रांतातील दोन केंद्रांपुरतेच ठेवले होते. औषध उत्पादकाने ते मोफत देऊ केले होते, आणि न्यायालयाने हे बंधन अवाजवी ठरवून उठवायला लावले. या दोन निकालांमधील अंतर मोजण्यात संशोधकांची अनेक वर्षे गेली आहेत, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

दोन्ही विषयांची आधारभूत कागदपत्रेही वेगळी आहेत. नीतिशास्त्राकडे माणसांवरील प्रयोगांचे नियम सांगणारी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, त्याच विषयावरचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आणि स्वायत्तता, हित, अहित टाळणे व न्याय ही चार तत्त्वे आहेत. हक्कांच्या अभ्यासकाची भिस्त १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमावर आणि कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याचा अर्थ उलगडण्यासाठी काढलेल्या २००० सालच्या चौदाव्या सामान्य टिप्पणीवर असते. आरोग्यसेवा उपलब्ध, आवाक्यातील, स्वीकारार्ह आणि दर्जेदार हवी, हे चार निकष या टिप्पणीतलेच. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत हक्काची पूर्तता टप्प्याटप्प्याने करण्याची मुभा करार देतो, त्यामुळे शासन खरोखर पुढे सरकते आहे की जागीच उभे आहे हे आकडेवारीवरून दाखवणे हे संशोधकाचे काम होऊन बसते. तत्त्वज्ञानाची बैठक घेऊन आलेल्याला अर्थसंकल्पाचे तक्ते वाचायला बसवले की त्याची पंचाईत होते. उलट बाजूने संख्याशास्त्रज्ञाला करारातील शब्दांची कीस काढणे जड जाते.

आरोग्य व मानवी हक्क या विषयाला विद्यापीठात स्वतंत्र जागा मिळवून देण्यात जोनाथन मान यांचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविरोधी कार्यक्रमाचे प्रमुखपद त्यांनी १९९० मध्ये सोडले. पुढे १९९३ साली हार्वर्डमध्ये आरोग्य व मानवी हक्कांचे केंद्र उभे राहिले आणि त्यानंतरच्या वर्षी याच विषयाचे नियतकालिक निघाले. तरीही आजचा तरुण प्राध्यापक बहुधा सार्वजनिक आरोग्य किंवा विधी विभागात पाहुण्यासारखा बसतो. नीतिशास्त्रज्ञाला वैद्यकीय महाविद्यालयात घर असते आणि संशोधन प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवर हक्काची खुर्ची असते. हक्कांच्या अभ्यासकाने करार-समितीपुढे मांडण्यासाठी महिनोन्‌महिने खपून अहवाल तयार केला, तरी बढतीच्या वेळी तो शोधनिबंधात धरला जाईलच असे नाही, आणि ही तक्रार मला रास्त वाटते.

काही ठिकाणी मात्र दोघांनाही एकाच टेबलाशी बसावे लागते. कोठडीतून आणलेल्या माणसाच्या अंगावरील व्रणांची नोंद कशी करावी हे इस्तंबूल प्रोटोकॉल, म्हणजे छळाच्या तपासाची व नोंदीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, सांगतो. छळाची हकीकत आणि व्रण यांचा मेळ बसत नाही, बसतो, चांगला बसतो, व्रण त्या प्रकारच्या छळात नेहमी दिसणारा आहे, की दुसऱ्या कशानेही तो होऊ शकत नाही, यांपैकी एक पर्याय डॉक्टरला लिहावा लागतो. पोलीस दाराशी उभा असताना तपासणी करावी का, हे नीतिशास्त्राचा प्राध्यापक शिकवतो. लिहिलेले ते वाक्य शासनाला जाब विचारण्यासाठी कुठे नेता येते, हे दुसरा.