जावरची जस्तखाण: डोलोमाइटमधले खनिज आणि उलट्या मुशीतला धातू

उदयपूरहून दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, तिडी नदीच्या खोऱ्यात जावर आहे. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या तिथल्या चार टेकड्यांच्या पोटात शिसे आणि जस्त आहे, आणि ते काढण्याचे काम आजही चालू आहे. जुन्या वस्तीतल्या काही भिंती मात्र दगडाच्या नाहीत आणि विटांच्याही नाहीत. वीत-दीड वीत लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या मातीच्या जाड नळकांड्या एकावर एक रचून त्या उभारल्या आहेत. या सगळ्या वापरून टाकलेल्या मुशी. परिसरात पडलेल्या अशा मुशींचा आणि त्यांतल्या अवशेषांचा ढिगारा सुमारे ६ लाख टनांचा असावा, असा अंदाज आहे.

एवढा मोठा उद्योग उभा राहिला म्हणजे खनिज फार समृद्ध असणार, असे वाटू शकते. तसे नाही. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुचाच्या खनिजात जस्ताचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. जावरचे त्यापुढे अगदीच मध्यम, शिसे आणि जस्त एकत्र धरूनही काही टक्केच. जावरचे वेगळेपण आहे ते भट्टीत. तरीही सुरुवात खडकापासून करावी लागते, कारण भट्टीच्या यशात त्या खडकाचाही हात आहे.

जावरचे खडक अरवली महासंघातले (म्हणजे अरवलीतल्या खडकांच्या एका मोठ्या गटातले), ढोबळमानाने १७० ते २०० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथे ताणून खचत चाललेला समुद्री खळगा होता. त्यात वाळू, चिखल आणि कार्बोनेटचा गाळ साचत गेला. वाळूचे क्वार्टझाइट झाले, चिखलाचे फायलाइट, आणि कार्बोनेटचा डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंचे कार्बोनेट. शिसे-जस्त जवळजवळ सगळे या डोलोमाइटच्या थरांना धरून आहे. गाळाच्या थरांतून फिरणारे गरम, खूप खारट पाणी वाटेतल्या खडकांतून धातू विरघळवून घेते आणि क्लोराइडच्या रूपात वाहून नेते. त्याची गाठ गंधकयुक्त पाण्याशी किंवा वायूशी पडली की धातूंचे सल्फाइड होते आणि ते तिथेच साचते. हे गाळ साचत असतानाच घडले की नंतर, यावर भूवैज्ञानिकांत जुना वाद आहे. पुढे अरवलीच्या घड्या पडताना हे थर वाकले, तुटले आणि खनिजाचा काही भाग जागा बदलून फटींमध्ये सरकला, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही. त्यामुळे मोचियात खनिजाचे पट्टे जवळजवळ उभे आणि एकामागे एक तिरके सरकलेले सापडतात. एक पट्टा संपला म्हणून थांबायचे नसते, शेजारी पुढचा सुरू झालेला असू शकतो.

हातातल्या नमुन्यात खनिजे ओळखणे तसे सोपे. गॅलिना हे शिशाचे सल्फाइड: झळाळता, शिशासारखा करडा रंग, फुटले की चौकोनी तुकडे, आणि उचलताच जाणवणारे वजन, कारण ते पाण्याच्या साडेसातपट जड आहे. स्फॅलराइट हे जस्ताचे सल्फाइड, ते चकवते. मधासारख्या पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत कुठल्याही रंगात येते आणि चमक राळेची असते. खात्री करायची तर न चकाकणाऱ्या पोर्सेलीनवर घासावे: रेघ फिकट पिवळी किंवा तपकिरी उमटते, आणि त्या भुकटीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्याचा वास येतो. आजूबाजूच्या डोलोमाइटवर तोच थेंब लगेच फसफसत नाही. खडक खरवडून भुकटी केली तरच बुडबुडे दिसतात, इथेच तो चुनखडीपासून वेगळा कळतो. जावरच्या गॅलिनात थोडी चांदीही असते.

जुन्या खाणकामातल्या लाकडांच्या कार्बन तारखा इसवी सनापूर्वीच्या, म्हणजे सव्वादोन ते अडीच हजार वर्षांच्या आसपास जातात. (मोठ्या झाडाचा गाभा खाणीत येण्याआधीच शे-दोनशे वर्षांचा असू शकतो, म्हणून अशा तारखा थोड्या सैल हाताने घ्याव्यात.) खडक फोडायचा तो आगीने. दर्शनी भिंतीला लाकडे रचून पेटवायची. खडकाचा पृष्ठभाग तापून फुगतो, आतला थंडच राहतो आणि त्या ताणाने पापुद्रे सुटतात. ते लोखंडी छिन्नी-पहारीने पाडायचे. अशा कामाच्या खुणा ठळक असतात: गोलसर, गुळगुळीत भिंतींच्या पोकळ्या, छताला काजळी, तळाशी राख आणि कोळसा. छताला आधार म्हणून मध्ये खडकाचे खांब सोडलेले असतात. चढण्या-उतरण्यासाठी खाचा पाडलेले ओंडके आणि लाकडी माच वापरले जात. ही पद्धत स्वस्त नव्हे. लाकूड अफाट लागते, आणि आग विझल्यावर कोंडलेला धूर व कार्बन मोनॉक्साइड बाहेर गेल्याशिवाय आत शिरणे म्हणजे मरणच. हवा खेळण्यासाठी दुसरे तोंड असावेच लागते.

शिसे काढणे त्या काळच्या लोकांना अवघड नव्हते. भाजलेले गॅलिना कोळशाबरोबर तापवले की शिसे वितळून तळाशी येते. जस्ताचे तसे नाही. भाजून मिळालेल्या जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळशाने काढून घ्यायला सुमारे १,००० अंश सेल्सियसच्या आसपास जावे लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफेच्या रूपात. उघड्या भट्टीत ही वाफ वर जाते, हवेला भेटते, हिरवट-निळ्या ज्योतीने जळते आणि पांढऱ्या धुरासारखे ऑक्साइड होऊन उडून जाते. म्हणून जगभर शेकडो वर्षे पितळ बनले, पण जस्त फारसे कुणी वेगळे पाहिले नाही: तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद भांड्यात तापवायचे आणि तांब्याने ती वाफ शोषून घ्यायची. या मार्गाने पितळात साधारण २८ टक्क्यांपुढे जस्त जात नाही.

जावरने वाफ खाली उतरवली. १९८०च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून इथे उत्खनन केले. पॉल क्रॅडॉक आणि के. टी. एम. हेगडे हे त्यातले प्रमुख अभ्यासक. जुन्या जावरमध्ये एका ओळीत सात भट्ट्या सापडल्या, काही तर मुशी आत तशाच असलेल्या. प्रत्येक भट्टीचे दोन मजले. वर आगीची खोली, खाली थंड खोली, मध्ये भोके पाडलेली भाजक्या मातीची जाड फरशी. फरशीत सहा ओळींत सहा अशा ३६ मुशी उलट्या उभ्या. ३६ गुणिले ७, म्हणजे एका फेरीला २५२ मुशी.

मूस वांग्याच्या आकाराची. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात तिला वृंताक मूषा, म्हणजे वांग्यासारखी मूस, असेच म्हटले आहे. मूस भरण्याची रीत अशी. भाजलेले खनिज, कोळशाची पूड आणि डोलोमाइट कांडून, मळून त्याच्या बोरापेक्षाही लहान गोळ्या करायच्या आणि वाळवायच्या. गोळ्याच का, पूड का नाही? पूड दाबून बसते आणि आतली वाफ अडकते. गोळ्यांमध्ये फटी राहतात. मूस भरली की तोंडातून एक काडी आत खोवायची, मग नरसाळ्यासारखी मातीची नळी तोंडाला बसवून सांधा मातीने लिंपायचा. आता मूस उलटी केली तरी काडीमुळे गोळ्या घसरत नाहीत. भट्टी तापू लागली की काडी जळून जाते, पण तोवर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि काडीच्या जागी वाफेला खाली उतरायला मोकळी वाट तयार होते. या उद्योगातली मला सर्वांत हुशार वाटणारी गोष्ट ही काडीच.

वर ११०० ते १२०० अंश, काही तास. खाली नळीचे तोंड थंड खोलीतल्या भांड्यात. इथले तापमान नाजूक असते. जस्त ४१९ अंशांच्या वर द्रव राहते. नळी फार थंड झाली तर वाफेची थेंब न होता निळसर-करडी भुकटी होते, तिच्या कणाकणावर ऑक्साइडचे कवच चढते आणि ती एकजीव होत नाही. नळी फार तापली तर वाफ न गोठताच निघून जाते. सांध्याला तडा गेला तर हवा आत शिरते आणि कमावलेले जस्त पुन्हा ऑक्साइड. कोळसा कमी पडला तर मुशीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तोही थंड होणाऱ्या जस्ताला परत ऑक्साइड करतो, म्हणून कोळसा हिशेबापेक्षा बराच जास्त घालावा लागतो. नुसता हिशेब पाहिला तर १ किलो जस्त ऑक्साइडला दीडशे ग्रॅम कार्बन पुरतो आणि त्यातून ८०० ग्रॅम जस्त निघायला हवे. प्रत्यक्षात तेवढे कधीच हाती येत नाही. खनिज नीट भाजले गेले नसेल तर त्यातले सल्फाइड कोळशाला दाद देत नाही आणि ते जस्त अवशेषातच राहते.

आणखी एक धोका म्हणजे आतला माल वितळून काचेसारखा होणे. तसे झाले की वाट बुजली. इथे डोलोमाइट पुन्हा कामाला येतो. भाजल्यावर उरणारे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड सहजी वितळत नाहीत, त्यामुळे गोळ्या जागच्या जागी सच्छिद्र राहतात. खनिज ज्या खडकात सापडते तोच खडक मिश्रणात चालतो, हे जावरचे मोठे भाग्य.

मूस एकदाच वापरता येई. बाहेरून वितळून तिच्यावर काचेचा थर चढे, आत अवशेष घट्ट बसे. म्हणजे एका ओळीच्या दर फेरीला २५२ नव्या मुशी आणि तेवढ्याच नळ्या लागत. खाणकऱ्यांइतकाच हा कुंभारांचा आणि लाकूडतोड्यांचा धंदा होता, किंबहुना थोडा जास्तच. वापरलेल्या मुशी भिंतींत गेल्या त्या यामुळे.

मोठ्या प्रमाणावरचे हे उत्पादन साधारण १२व्या-१३व्या शतकापासून १८व्या शतकापर्यंत चालले. चीनमध्येही जस्त काढत, पण तिथे वाफ भांड्याच्या वरच्या भागात गोठवली जाई. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये पेटंट घेतले ते वाफ खाली उतरवण्याचेच. त्याला जावरची माहिती होती का, याचा थेट पुरावा मिळालेला नाही. साम्य मात्र डोळ्यांत भरते.

मेवाडमधले हे काम थांबण्यात मराठ्यांचाही वाटा आहे. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. पुढे खंडणीसाठी शिंदे-होळकरांच्या फौजा येतच राहिल्या. कुंभार, लाकूड, खाणकामगार आणि बाजार असे सगळे जुळून यावे लागणारा धंदा अशा अस्थिरतेत टिकत नाही. १८१२-१३ च्या दुष्काळानंतर तो पार बसला.

खाण पुन्हा सुरू झाली ती १९४०च्या दशकात, मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडून. १९६६ मध्ये ती नव्याने स्थापन झालेल्या हिंदुस्तान झिंक या सरकारी कंपनीकडे गेली आणि २००२ पासून कंपनीचा ताबा खासगी गटाकडे आहे. आता खनिज दळून पाण्यात फेसाबरोबर तरंगवतात. शिशाचा आणि जस्ताचा माल वेगवेगळा करून प्रद्रावकाकडे, म्हणजे धातू काढणाऱ्या कारखान्याकडे, पाठवतात. जस्त बहुतेक विजेने, द्रावणातून काढले जाते, म्हणून वाफेचा प्रश्नच येत नाही. जुन्या पोकळ्या मात्र नव्या खाणकामाला आजही सतावू शकतात. त्यांचे नकाशे कुणी करून ठेवले नव्हते आणि त्यांत पाणी साठलेले असू शकते, म्हणून अशा भागात बोगदा पुढे नेण्याआधी समोर लांब, बारीक छिद्रे पाडून चाचपणी करतात. छिद्रातून पाणी किंवा जुन्या कोळशाची काळी पूड आली की काम थांबवून आधी पाणी उपसायचे.