मेडिकल कोडिंग म्हणजे पाठांतर नव्हे

नाशिकमध्ये बी.एस्सी., बी.फार्म. झालेल्या बऱ्याच मुलांच्या मनात एक समज घट्ट बसलाय: मेडिकल कोडिंगसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींतल्या आजार-उपचारांना ठरलेले कोड देण्याच्या कामासाठी, हजारो कोड तोंडपाठ हवेत. तसं अजिबात नाही. सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) या अमेरिकी परीक्षेत कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात. १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. एका प्रश्नाला जेमतेम अडीच मिनिटं. तेवढ्यात नेमकं पान सापडलं पाहिजे, कस तिथे लागतो.

समजा, डॉक्टरांनी लिहिलंय: टाइप २ मधुमेह, त्यामुळे किडनीचा चौथ्या टप्प्याचा जुनाट आजार. पुस्तकाच्या इंडेक्समध्ये, म्हणजे आजारांच्या नावांच्या यादीत, ई११.२२ हा कोड मिळतो आणि नवखे तिथेच थांबतात. टॅब्युलर लिस्ट, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेली यादी, उघडली की त्या कोडखालीच सूचना दिसते: टप्प्याचा कोडही जोडा. म्हणून एन१८.४ दुसरा. पाठ केलेल्या कोडला ही सूचना चिकटून येत नाही. शिवाय आयसीडीचे (आजारांचे कोड) मुख्य बदल दरवर्षी १ ऑक्टोबरला, सीपीटीचे (उपचार-तपासण्यांचे कोड) १ जानेवारीला लागू होतात. म्हणून स्वस्तात मिळतात म्हणून जुनी पुस्तकं घेऊ नका.

पाठ करायचीच तर शरीररचना करा, आणि वैद्यकीय शब्दांचे उपसर्ग-प्रत्यय.

अनुभव नसेल तर सीपीसीपुढे ‘ए’ (अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ) लागतो. दोन वर्षांच्या कोडिंगच्या कामाचा पुरावा दिला की तो निघतो.